परत आणलेली फियाट

फणसवाडीत आज फणसाचं झाड शोधून सापडायचं नाही. गिरगावातल्या बऱ्याच वाड्यांचं तसंच आहे. झाडं गेली, नावं राहिली. आमच्या घरी फियाटच्या बाबतीत हेच झालं होतं. गाडी १९८९ साली विकली गेली. पण जिन्याखालच्या ज्या कोपऱ्यात तिचा जॅक, पान्हे आणि पाण्याचा पत्र्याचा डबा असायचा, त्या कोपऱ्याला पुढं सोळा वर्षं घरातली सगळी ‘फियाटचा कोपरा’च म्हणत होती. तिथं रद्दी ठेवली तरी आई म्हणायची, ‘फियाटच्या कोपऱ्यात टाक.’

२००५ च्या ऑगस्टमध्ये ती फियाट परत आली. टेम्पोला दोर बांधून ओढत आणली होती. दारांच्या पत्र्यावर चिखलाची रेघ, आतल्या सीटला कुबट वास आणि इंजिन जाम. बालाजीच्या देवळावरून वळताना वाडीतली दोन-चार जुनी माणसं बाहेर आली. एकानं ओळखलं, ‘अरे, ही तर डॉक्टरांची गाडी!’ आणि दुसऱ्यानं मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं, ‘लोक नवी घेतात, हा बुडालेली घेऊन आला.’

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. भंगारात निघालेली, पस्तीस वर्षांची मोटार पैसे मोजून परत घ्यायची आणि तिच्या किमतीच्या कितीतरी पट दुरुस्तीवर घालायचे, हा व्यवहार कुठल्याही हिशेबात बसत नाही. पण एक काळ असा होता, की याच शहरात हा व्यवहार शहाणपणाचा समजला जाई. तो काळ कसा आला आणि कसा गेला, ते मला ही गाडी दुरुस्त करताना कळलं. तेच आज तुम्हांला सांगायचं आहे.

मुंबईला मोटार दुरुस्त करायला कोणी शिकवलं, याचं उत्तर शोधायचं तर शिवडीपासून सुरुवात करावी लागते. १९२८ साली जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीनं शिवडीला कारखाना काढला. कारखाना म्हणजे जुळणीचा. सुटे भाग लाकडी पेट्यांत भरून बोटीनं बंदरात यायचे आणि इथं जोडून त्यांची मोटार व्हायची. फोर्ड कंपनीनंही मुंबईत जुळणी केली. म्हणजे मोटार बनवण्याच्या आधी मुंबईनं मोटार जोडायला शिकून घेतलं होतं. ज्याला जोडता येतं, त्याला खोलताही येतं. या शहरातल्या मिस्त्रींच्या विद्येचं मूळ मला तरी तिथं दिसतं.

मोटार इथंच बनवायची, हे स्वप्न मात्र आपल्याकडच्या माणसांचं. सर विश्वेश्वरय्यांनी १९३० च्या दशकात मुंबईत मोटारीचा कारखाना काढण्याची योजना तयार केली होती. ती उचलून धरली सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी. जहाजं, विमानं आणि मोटारी या तिन्ही गोष्टी हिंदुस्थानात झाल्या पाहिजेत, असा त्यांचा ध्यास होता. मोटारीसाठी त्यांनी १९४० साली अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीशी करार केला. पण युद्ध सुरू होतं आणि इंग्रज सरकारला या कारखान्यात रस नव्हता. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७ साली, स्वातंत्र्याच्याच वर्षी, कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवातीला डॉज, प्लिमथ, डिसोटो या क्रायस्लरच्या मोठ्या गाड्या होत्या. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य झालं आणि छोटी मोटार आली.

याच सुमारास सरकारनं एक निर्णय घेतला, आणि पुढच्या तीस वर्षांचं सगळं त्यावर ठरलं. १९५३ साली टॅरिफ कमिशननं मोटार उद्योगाचा अहवाल दिला. ज्यांना सुटे भाग देशातच बनवायचे आहेत त्यांनीच राहावं, नुसती जुळणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा, असा त्याचा रोख होता. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेले. १९५४ साली शिवडीची जुळणी थांबली. बाजारात हातावर मोजण्याइतके कारखानदार उरले आणि परदेशी मोटारींच्या आयातीला जवळपास कुलूप लागलं.

तेव्हाच्या फियाटचा पहिला गोल पाठीचा नमुना जुन्या मुंबईकरांना आठवत असेल. त्याला लोक सरळ ‘डुक्कर फियाट’ म्हणायचे. त्यात तुच्छता नव्हती, घरातल्या गुटगुटीत पोराला नाव ठेवावं तसंच ते होतं. पुढं १९६४ साली ‘फियाट अकराशे डिलाईट’ आली. चौकोनी बांध्याची, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, चार सिलिंडरांचं १०८९ सीसीचं इंजिन. ताकद चाळीसेक घोड्यांची. आजच्या साध्या गाडीच्या तुलनेत ही ताकद निम्मीच म्हणायची, पण तेवढ्यात पाच माणसं, सामान आणि वर ताडपत्रीखाली गाद्या असा संसार कोकणात उतरायचा.

गाडी होती, पण मिळत नव्हती. साऱ्या देशात वर्षाला चाळीस हजारांच्या आतबाहेर मोटारी बनत, काही वर्षी तर त्याहून बऱ्याच कमी. किती बनवायच्या ते परवान्यानं ठरे. १९६९ मध्ये किमतीही सरकारनं ठरवून दिल्या. त्यामुळं कारखान्याची किंमत एक आणि हाती असलेल्या गाडीची किंमत दुसरीच, असा प्रकार होता. नोंदणी करायची आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. पंतप्रधान असताना लालबहादूर शास्त्रींनी १९६४ मध्ये फियाट घेतली तेव्हा गाडीच्या बारा हजारांपैकी पाच हजार त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाऊ घेतले होते, हे सर्वांना ठाऊक आहे. पंतप्रधानांची ही गत, तर फणसवाडीतल्या डॉक्टरची काय असणार?

आमच्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, ठाकुरद्वारच्या नाक्यापाशी लहानसा दवाखाना होता. त्यांनी गाडीसाठी नाव नोंदवलं तेव्हा मी पाळण्यात होतो, आणि गाडी आली तेव्हा दुसरीत. १९७० सालचा नोव्हेंबर महिना होता. हिरवट करडा रंग. बालाजीच्या देवळासमोर नारळ फोडला आणि वाडीतल्या पोरांना पाच-पाच करून चौपाटीपर्यंत फेरी मारून आणली. रात्री-अपरात्री पेशंटकडं जायला ती लागायची, आणि वाडीत कुणाला नायर किंवा हरकिसनदास हॉस्पिटलात न्यायचं असलं तर किल्ली मागायची पद्धत नव्हती, अण्णाच पायजम्यावर खाली उतरत.

आता असा विचार करा, की जी वस्तू मिळायला सात वर्षं लागली, ती बिघडली म्हणून कोणी टाकून देईल का? म्हणून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्याच्या जोडीला आणखी एक कारखाना उभा राहिला. त्याला पाटी नव्हती. ऑपेरा हाऊसच्या आसपासची सुट्या भागांची दुकानं, खेतवाडीतली गॅरेजं, चोर बाजारातले जुन्या मालाचे ढीग, कुर्ल्याची भंगारं, आणि जागोजागी गल्लीत लेथ लावून बसलेले कारागीर, मिळून हा कारखाना होता. कुर्ल्यात गाडी एकदा बनत असे. इथं ती तीन-चारदा बनायची.

हे कसं होई ते थोडं सांगतो. इंजिनाच्या सिलिंडरात पिस्टन वरखाली होतो. फियाटच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर. वर्षानुवर्षं घासून तो झिजतो, मग तेल जळतं, निळा धूर येतो, चढावर गाडी दम टाकते. अशा वेळी इंजिन उतरवून सिलिंडर मिलिमीटरच्या काही दशांशांनी मोठा कापायचा, याला म्हणायचं ‘बोअर करणं’. आणि त्यात तेवढाच मोठा नवा पिस्टन व नव्या रिंगा बसवायच्या. असं ठरावीक वेळाच करता येतं. मग सिलिंडरची भिंत पातळ होते. तेव्हा आत लोखंडी नळकांडं, म्हणजे स्लीव्ह, ठोकून पुन्हा मूळ मापावर यायचं. क्रँक घासून बारीक करायचा, बेअरिंग त्या मापाचं घालायचं. म्हणजे एका इंजिनाला अनेक जन्म. फियाटचं इंजिन साधं होतं, हात आत जाईल एवढी जागा बॉनेटखाली होती, आणि मिस्त्रीच्या पेटीतल्या पान्ह्यांनी ते सगळं खोलता यायचं. ही त्या इंजिनाची खरी थोरवी.

त्याची एक खोडही होती. ते तापायचं. मे महिन्यात जुन्या बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या गाड्यांची रांग तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. लोक शिंग्रोबाला पैसे वाहायचे आणि रेडिएटरला पाणी. जिन्याखालचा तो पत्र्याचा डबा याच कामाचा. पाणी वेळेवर घातलं नाही तर वरचं ॲल्युमिनियमचं हेड वाकायचं, गॅस्केट जायचं आणि ड्रायव्हर तसाच रेटत राहिला तर इंजिन जाम व्हायचं.

१९७० च्या दशकात फियाटचं नाव गेलं आणि आधी ‘प्रेसिडेंट’, मग १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ असं नाव लागलं. गाडी तीच, इंजिनही तेच. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, हे समीकरण ठरून गेलं. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती रस्त्यावर आली आणि वाट पाहण्याचे दिवस सरू लागले. अण्णांना १९८८ मध्ये मोतीबिंदूचा त्रास सुरू झाला, रात्री गाडी चालवणं बंद झालं. मी नोकरीत नवा होतो, पेट्रोल आणि दुरुस्ती परवडेना. १९८९ मध्ये गाडी कलिन्याच्या एका गृहस्थांना विकली. किल्ली देताना अण्णा एवढंच म्हणाले, ‘पुढं कधी काढायची झाली तर आधी आम्हांला सांगा.’ त्यानंतर त्यांनी गाडीचं नाव काढलं नाही. जॅक आणि पान्हे मात्र गाडीबरोबर दिले नाहीत. १९९७ साली अण्णा गेले.

मग २६ जुलै २००५ उजाडला. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पुण्यात सबंध वर्षात पडतो त्याहून जास्त. कुलाब्याला मात्र जेमतेम ७३ मिलिमीटर. आम्ही गिरगावकर छत्री घेऊन दूध आणायला गेलो आणि तिकडं मिठी नदी कलिना, कुर्ला, वांद्र्याच्या घराघरांत शिरली. माणसं गेली, संसार गेले. त्यापुढं मोटारींचं दुःख लहान, पण हजारो मोटारी त्या दिवशी पाण्याखाली होत्या.

पाण्यात बुडाल्यानं इंजिन लगेच मरत नाही. मरतं ते त्यानंतर चालू करायला गेल्यानं. सिलिंडरात पिस्टन हवेला दाबून सातव्या-आठव्या हिश्शाच्या जागेत बसवतो. हवा दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरात पाणी असताना स्टार्टर मारला की पिस्टन अडतो आणि त्याला धरणारा लोखंडी दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. पाणी ओसरल्यावर त्या आठवड्यात हजारो लोकांनी किल्ली फिरवून पाहिली. घाईनं, काळजीनं, ‘बघू तरी लागते का’ म्हणून. तेवढ्यानं खेळ खलास.

त्यानंतर विम्याचे वाद सुरू झाले. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त असेल तर ती ‘टोटल लॉस’ धरायची, असा तेव्हाचा नियम. मालकाला भरपाई मिळे. गाडी ठेवायची असेल तर भंगाराची किंमत त्यातून वजा होई. म्हणजे स्वतःचीच गाडी माणूस भंगाराच्या भावानं परत विकत घेई. आणि किल्ली फिरवल्यानं इंजिन गेलं असेल तर ते नुकसान पाण्याचं की तुमच्या हाताचं, यावरून वाद. पुढं काही वर्षांनी इंजिनासाठी वेगळं विमासंरक्षण विकलं जाऊ लागलं, त्यामागं असले अनुभव होते.

आमच्या जुन्या गाडीचा एवढा भारी विमा कोण काढणार? तिला फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचं कायद्यानं लागतं तेवढं संरक्षण होतं. कलिन्याच्या गृहस्थांचा फोन आला. म्हणाले, ‘डॉक्टरांना शब्द दिला होता. भंगारवाला उद्या येणार आहे. मीही किल्ली फिरवून बसलो हो, चुकलंच.’ भंगारवाल्यानं जो भाव लावला होता तो मी दिला आणि गाडी ओढून आणली.

एक घाईचं कारणही होतं. जुन्या गाडीच्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि ते नोव्हेंबरात होतं. तोवर गाडी चालती होऊन ताडदेवच्या आरटीओत तपासणीला उभी राहिली नाही, तर कागदावर ती संपलीच.

खेतवाडीतले मिस्त्री अण्णांच्या वेळचे. साठी उलटलेली, हाताला थोडा कंप, पण पान्हा धरला की कंप थांबायचा. त्यांनी आधी तेल काढलं. दुधाच्या चहासारखं पांढुरकं तेल आलं, म्हणजे आत पाणी. प्लग काढून चारही सिलिंडरांत डिझेल ओतलं आणि म्हणाले, ‘चार दिवस हात लावायचा नाही.’ पाचव्या दिवशी गिअरमध्ये टाकून गाडी पुढंमागं हलवली, तेव्हा आत काहीतरी सुटल्याचा आवाज आला. मग हेड उतरवलं, चेंबर काढला, पिस्टन ठोकून बाहेर काढले. एक रॉड वाकलेला. दोन सिलिंडरांना आतून गंजाचे खड्डे. मायक्रोमीटर लावून पाहिलं तर बोअरिंगची सगळी मापं आधीच संपलेली.

मिस्त्रींनी हात पुसत सल्ला दिला. ‘दुसरं इंजिन टाका. टॅक्स्या भंगारात निघतायत. चांगलं इंजिन मिळेल. ह्याला स्लीव्ह ठोकून तिप्पट पैसे जातील, आणि खात्री मी देणार नाही.’

मी अडून बसलो. म्हटलं, ‘मिस्त्री, गाडी परत आणली ती अण्णांची म्हणून. टॅक्सीचं इंजिन टाकायचं तर मग आणली कशाला? मला मूळ इंजिनच पाहिजे.’

मिस्त्री हसले. ‘मूळ? आरसी बुक वाचलंय का?’

खरं सांगतो, नाव आणि पत्ता सोडून मी ते कधी वाचलंच नव्हतं. घरी येऊन पानं उलटली. मधल्या एका पानावर १९८३ सालचा शिक्का होता. इंजिन बदलल्याची नोंद. जुना नंबर रेघ मारून खोडलेला, नवा लिहिलेला. म्हणजे ज्या इंजिनाला मी मूळ समजून बसलो होतो, ते अण्णांनीच दुसरीकडून आणून टाकलं होतं. त्या वर्षी मी शिकायला पुण्याला होतो.

आईला विचारलं. ती शेंगा निवडत होती. म्हणाली, ‘तुला भेटायला येतानाच गेलं ते. घाटात तापली होती, मी म्हटलं थांबा, तर म्हणाले, पोरगा वाट बघत असेल. मग लोणावळ्याला बंदच पडली. अपघातातल्या कुठल्या गाडीचं इंजिन घेतलं त्यांनी. कर्ज काढून.’ मी म्हटलं, ‘मला कधी सांगितलं नाहीत.’ तर म्हणाली, ‘तू कधी विचारलंस?’

त्या दिवशी मला मुंबईच्या मोटारीचा इतिहास कळला असं म्हणायला हरकत नाही. ‘मूळ’ गाडी जपण्याची कल्पना सुबत्तेतली आहे. ज्यांच्याकडं एकच गाडी होती आणि दुसरी मिळणार नव्हती, त्यांनी मूळपणाचा विचार केला नाही. त्यांनी गाडी चालू ठेवली. अपघातातल्या गाडीचं इंजिन डॉक्टरच्या गाडीत गेलं, डॉक्टरच्या गाडीचं दार कुणा टॅक्सीला लागलं, टॅक्सीचा गिअरबॉक्स एखाद्या लग्नाच्या गाडीत फिरला. या शहरातल्या फियाट आणि पद्मिनी अशा एकमेकींच्या नातेवाईक होत्या.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींना म्हटलं, टॅक्सीचं इंजिन बघा. ते कुर्ल्याच्या भंगारातून आणलं. ज्या कुर्ल्यात ते ढाळलं गेलं होतं, तिथूनच. बिल पक्कं घेतलं, कारण चोरीचा माल निघाला तर आरटीओ नोंद करत नाही. त्या इंजिनाचं पहिलंच बोअरिंग व्हायचं होतं. लेथवाल्यानं अर्ध्या दिवसात चारही सिलिंडर कापून दिले. हेड घासून सपाट केलं, व्हॉल्व्ह घासून बसवले. जुन्या इंजिनाचा कार्बोरेटर आणि डायनामो चालण्याजोगे होते, ते मिस्त्रींनी धुऊन नव्यावर चढवले. म्हणाले, ‘घ्या, थोडे अण्णाही आले.’

नोव्हेंबरात ताडदेवला तपासनिसांनी चॅसीच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली, छाप घेतली, इंजिनाचा नंबर ताडून पाहिला आणि आरसी बुकात अण्णांच्या नोंदीखाली माझी नोंद झाली. एकाच पानावर, एकाखाली एक.

नव्यानं बांधलेलं इंजिन पहिले हजार-पंधराशे किलोमीटर जपून चालवायचं असतं, पन्नासच्या आत. ते झाल्यावर आईला घेऊन जुन्या घाटानं खंडाळ्याला गेलो. शिंग्रोबापाशी थांबलो. काटा मध्यावर होता, गाडी मुळीच तापली नव्हती. तरी आई म्हणाली, ‘बॉनेट उघड. वारा लागू दे तिला.’ मी उघडलं. दहा मिनिटं आम्ही तिथं नुसते उभे होतो.

त्यानंतर बरंच बदललं. पद्मिनीचं उत्पादन २००० सालाच्या सुमारास थांबलं होतंच. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागेवर कोहिनूर सिटीच्या इमारती उभ्या राहिल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवला नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यानं २०२३ चा ऑक्टोबर सरला आणि मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी गेली. त्याबरोबर सुटे भाग गेले आणि ते बसवणारे हातही. आमचे मिस्त्री आता नाहीत. त्यांचा मुलगा चांगला कारागीर आहे, पण तो गाडीला आधी संगणक जोडतो. फियाटमध्ये संगणकाची वायर लावायला जागा नाही, याचं त्याला हसू येतं.

२०२१ मध्ये केंद्र सरकारनं जुन्या मोटारींसाठी नियम केला. पन्नास वर्षांवरची गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते, तिला वेगळी पाटी मिळते. मित्र म्हणाले, तुझी १९७० ची, मानाची पाटी घे. मी नियम वाचला. या वेळी नीट वाचला. व्हिंटेज गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. आणि दुसरी अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात हवी, चॅसी, सांगाडा किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा.

आमच्या आरसी बुकात तर दोन-दोन इंजिनांची नोंद. तेव्हा आमची फियाट व्हिंटेज नाही. ती कायद्यानं एक साधी जुनी गाडी आहे. तिचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. २०२२ पासून त्याची फी पाच हजार झाली, २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना दहा हजार. पर्यावरण कर वेगळा. जुन्या गाडीच्या धुराचा त्रास खरा आहे आणि शहरानं त्याची किंमत मागितली तर मी तक्रार करणार नाही. मी ती भरतो आणि महिन्यातून चार-सहा वेळा गाडी बाहेर काढतो. भाजी आणायला, कुणाला दवाखान्यात न्यायला. अण्णा जेवढ्यासाठी काढायचे तेवढ्यासाठीच.

तुमच्यापैकी कुणाच्या घरात अशी एखादी गाडी असेल, तर दोन गोष्टी सांगून थांबतो. पाण्यात बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवू नका, आधी मिस्त्रीला बोलवा. आणि तिचं आरसी बुक एकदा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. वाचून झाल्यावर घरात जी वडीलधारी माणसं असतील त्यांना विचारा. त्यांना बरंच ठाऊक असतं. कोणी विचारत नाही, एवढंच.